बॅटरीपासून वीतभर

उस्तादांनी उभ्या आयुष्यात न विचारता कुणाला काही सांगितलं नाही. चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, हाताखालून पंचवीस-तीस माणसं तयार झाली, पण दुकानाचा कायदा एकच. ज्याने काम केलं त्याने स्वतः समोर येऊन म्हणायचं, "उस्ताद, जरा बघता का?" एवढं म्हटलं की उस्ताद खुर्चीतून उठायचे, वायरवरून बोटं फिरवत जायचे आणि चूक अशी नेमकी पकडायचे की समोरच्याने कान पकडावेत. आणि नाही म्हटलं, तर डोळ्यांदेखत धूर निघाला तरी हा माणूस जागचा हलायचा नाही. एकदा एका कारागिराने बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या. उस्ताद समोरच चहा पीत बसले होते. भडका उडाला, त्याच्या भुवया करपल्या, तेव्हा उस्ताद शांतपणे म्हणाले, "आता जन्मात विसरणार नाहीस." खरंच विसरला नाही तो. दुसऱ्या दिवसापासून कामावरच आला नाही.

आता दुकान नव्हतं. हात थरथरायला लागले, बारीक जोड दिसेनासे झाले, आणि बायको गेल्यावर लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं. आपल्या म्हणजे नवऱ्याच्या. मागची खोली दिली. तिथे पूर्वी जुनी कपाटं आणि व्यायामाची सायकल असायची, ती सायकल अजूनही तिथेच होती. उस्ताद तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे. जावयाच्या घरी राहणं म्हणजे काय, ते जो राहतो त्यालाच कळतं. पंखा वाढवायचा तरी आधी इकडेतिकडे बघावं लागतं.

जावई तसा वाईट नव्हता हो. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायचा, हसतमुख होता, सासऱ्याला "बाबा" म्हणायचा. पण जिभेला हाड नाही. मागच्या वर्षी उस्तादांनी हौसेने त्याच्या गाडीचा मागचा दिवा दुरुस्त केला होता. आठ दिवसांत जोड सुटला. घरी चार पाहुणे जमलेले असताना हा गृहस्थ म्हणाला, "बाबांचं वायरिंग म्हणजे आता सगळा देवावर हवाला." सगळे खो-खो हसले. लेकही हसली, तोंडावर हात धरून, पण हसली. उस्तादांनीही हसून साजरं केलं आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

तो शब्द त्यांच्या पोटात तसाच राहिला. जावयाने एकदा, फक्त एकदा, समोर येऊन "बाबा, जरा बघता का?" म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. दुसरं मागणंच नाही.

लेक रोज सकाळी मैदानावर चाळीसेक बायकांना गाण्याच्या तालावर व्यायाम शिकवायची. पाय असे चालायचे तिचे की फिरायला आलेली माणसं थांबून बघायची. गाडी मैदानाच्या कडेला लावायची, डिकी उघडायची आणि गाणी सुरू. पण मागच्या रांगांना ठेकाच ऐकू येत नव्हता. पुढच्या डाव्या पायावर, तर मागच्या उजव्या. शेवटी नवरा-बायकोंनी ठरवलं, डिकीत ठेका घुमवणारा चांगला दणदणीत सबवूफर बसवायचा. आणि जावयाने जाहीर करून टाकलं, "मी स्वतः बसवणार. फोनवर सगळं दाखवतात हल्ली. त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं! उस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

रविवारी सकाळी इमारतीखाली गाडी उभी केली, फरशीवर चादर अंथरली, तिच्यावर हत्यारं मांडली. लेकीने बाबांसाठी खुर्ची आणून ठेवली. उस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि हाताची घडी घालून बसले.

"तू बाबांना विचार ना आधी," लेक नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली. उस्तादांचे डोळे अधू झाले होते, कान नाही.

"अगं, समोरच तर बसलेत. काही चुकलं तर बोलतीलच की!"

जावयाचं हे म्हणणं कुणाही शहाण्या माणसाला पटेल असंच होतं. फक्त त्याला सासऱ्याच्या दुकानाचा कायदा ठाऊक नव्हता. लेकीला ठाऊक होता, पण तिला वाटलं, दुकान बंद झालं तसा कायदाही संपला असेल.

आणि खरं सांगायचं तर गडी काम बरं करत होता. आधी बॅटरीची वजा बाजूची तार सोडवली. उस्तादांनी मनात म्हटलं, हं, एवढं कळतंय. अर्थिंगसाठी डिकीतल्या पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत धातू काढला, तार आखूड ठेवली, बोल्ट करकचून आवळला. गाण्याची तार डाव्या बाजूने नेली आणि करंटची लाल वायर उजव्या बाजूने, म्हणजे घरघर नको. प्रत्येक गोष्ट बरोबर निघाली की उस्ताद थोडे आणखी हिरमुसायचे. चूक सापडेना म्हणून एवढा कष्टी झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल.

मग जावयाने इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, ब्रेकच्या पायपट्टीच्या वरच्या अंगाला, भोक पाडलं. कड साफ केली नाही. त्यात रबराचं कडं बसवलं नाही. लाल वायरला काळ्या टेपचे दोन वेढे मारले आणि तशीच आत ओढून घेतली. उस्तादांच्या पाठीचा कणा ताठ झाला. पत्र्याची ती धार सुरीसारखी असते. गाडी हादरणार, वायर घासणार, टेप किती दिवस पुरणार?

तरीही धोका एका गोष्टीने टळला असता. बॅटरीपासून वीतभर अंतरावर लाल वायरीत फ्यूज घातला, की पुढे कुठेही वायर पत्र्याला टेकली तरी फ्यूज उडतो आणि प्रकरण मिटतं. उस्ताद पुढे वाकून बघत राहिले. जावयाने फ्यूजचं घर हातात घेतलं, इकडून तिकडून न्याहाळलं, आणि सरळ डिकीकडे, आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरच्या पेटीकडे गेला.

"हा इथे बसवतो, अँप्लिफायरच्या शेजारी," तो बायकोला म्हणाला. "सगळ्यात महाग वस्तू हीच. तिला आधी सांभाळायला नको?"

बोलणं ऐकायला किती पटण्यासारखं! फ्यूज अँप्लिफायरसाठी नसतोच मुळी, वायरसाठी असतो. आता बॅटरीपासून डिकीपर्यंतची सगळी लाल वायर फ्यूजविना, उघड्यावर राहिली होती. उस्तादांच्या छातीत काहीतरी लख्ख उजळलं. सापडली! आणि कसली सापडली! त्यांनी जांभई आल्यासारखा हात तोंडावर धरला, कारण हसू येत होतं.

"झालं एकदाचं!" जावई हात पुसत उठला. उस्तादांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हण आता. म्हण, बाबा, जरा बघता का. जावयाने गाणं लावलं. इमारतीच्या काचा थरथरल्या, शेजारचा शिंपी दुकानातून बाहेर येऊन वा वा करू लागला. लेक तिथल्या तिथे दोन पावलं नाचली आणि तिने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. उस्तादांनी स्वतःची खुर्ची स्वतः उचलली आणि वर निघून गेले.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "बाबा, कसं केलंय त्याने?"

"तुझ्या नवऱ्याने केलंय. त्यालाच विचार."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा रुसलाय. रुसला होताच.

अगदी दगडाच्या काळजाचे होते असं नाही हं. बुधवारी त्यांना राहवेना. ड्रॉवरमधून जुनं पण चांगलं फ्यूजचं घर काढलं, एक रबराचं कडं शोधलं, दोन्ही खिशात टाकलं आणि खाली उतरले. मनात म्हणत होते, जाऊ दे, लेकीची गाडी आहे. गुपचूप करून टाकू. त्यांनी बॉनेट उघडलं, तोच जावई ऑफिसातून आला. सोबत त्याचे दोन मित्र, सबवूफर ऐकायला आणलेले.

"अहो बाबा, बाबा, हात नका लावू!" तो लांबूनच ओरडला आणि मित्रांना म्हणाला, "आमच्या सासऱ्यांचा हात लागला की चालू वस्तू बंद पडते." मित्र हसले. जावयाने प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला केलं आणि बॉनेट आपटून बंद केलं.

खांद्यावरचा तो हात उस्तादांना पुढे कितीतरी वेळ जाणवत राहिला. वर येऊन त्यांनी दोन्ही वस्तू ड्रॉवरमध्ये टाकल्या, ड्रॉवर लाथेने लोटला. होऊ दे म्हणाले. चांगला धूर होऊ दे. चारचौघांत होऊ दे.

नंतरच्या मंगळवारी सकाळी लेक त्यांच्या खोलीच्या दारात आली. पायात कापडी बूट, गळ्यात शिट्टी, केसांची वर बांधलेली शेंडी. घाईत होती.

"बाबा, एक विचारू? कालपासून गाडी खड्ड्यातून गेली की पायाशी चट्‌ असा आवाज होतो. समोरचे दिवे क्षणभर मंद होतात. आणि किंचित जळका वास येतो."

उस्तादांनी हातातला कप खाली ठेवला. टेप संपली होती. वायरीचं साल कापलं गेलं होतं आणि तांबं पत्र्याला चाटत होतं. हे त्यांना कुणी डोळे बांधून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"तुझा नवरा काय म्हणतो?"

"तो म्हणतो नवीन प्लॅस्टिकचा वास आहे, जाईल. पण मला तुमच्याकडून ऐकायचंय. मी काल भांडले त्याच्याशी. म्हटलं, बाबा एवढे घरात असून तू त्यांना एक शब्द विचारत नाहीस. तो कबूल झालाय. आज संध्याकाळी ऑफिसातून आला की तुमच्याकडे येणार आहे. स्वतः विचारणार आहे."

"काय विचारणार आहे?"

"की बाबा, जरा बघता का."

अहो, काय वाटलं असेल त्या म्हाताऱ्याला! वर्षभर ज्याची वाट बघितली ते वाक्य आज संध्याकाळी स्वतःच्या पायाने चालत या खोलीत येणार होतं. आत्ता बोललं, तर लेक गाडी ठेवून रिक्षाने जाणार, नवऱ्याला फोन करणार, तो दुपारीच कुठल्यातरी दुकानात नेऊन दुरुस्त करून आणणार आणि संध्याकाळी म्हणणार, झालं बाबा, किरकोळ होतं. तसं होऊन चालणार नव्हतं. चूक संध्याकाळपर्यंत जागच्या जागी असायला हवी होती. जावयाचं बोट धरून त्याला ती दाखवायची होती.

"तोपर्यंत चालवू ना गाडी?" लेकीने विचारलं. "भीती नाही ना?"

मैदान ते घर, दहा मिनिटांचा रस्ता. आठ दिवस टिकली, आणखी एक दिवस टिकेल.

"चालव," उस्ताद म्हणाले. "काही होत नाही."

तिने वाकून त्यांच्या टकलावर टिचकी मारली. लहानपणापासूनची खोड. "तुम्ही म्हणालात, बास. आता मला काळजी नाही," असं म्हणत ती जिना उतरली सुद्धा.

उस्तादांनी त्या सकाळी गुळगुळीत दाढी केली. टॉवेल काढून सायकल भिंतीशी सरकवली, बाहेरून आणखी एक खुर्ची आणली आणि ती आपल्या खुर्चीपेक्षा जरा खाली, उशी न घालता ठेवली. जावई त्या खुर्चीत बसणार. मग काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं. आधी लगेच उत्तर द्यायचं नाही. चष्मा पुसायचा. मग म्हणायचं, जावईबापू, फोनवर सगळं दाखवतात म्हणता ना? त्या वाक्यावर ते स्वतःच खुश झाले. मोठ्याने म्हणून पाहिलं. आणखी एकदा म्हणून पाहिलं.

साडेनऊला फोन आला. वर्गातल्या एका बाईचा होता.

झालं ते असं. वर्ग संपवून लेक निघाली. उतारावर एक खड्डा लागला आणि त्या भोकाशी तांबं पत्र्याला चिकटलं ते सुटलंच नाही. फ्यूज मागे डिकीत आरामात बसला होता. शॉर्ट झालं पुढे, त्याला पत्ताच नाही. बॅटरीपासून त्या भोकापर्यंतची वायर लालभडक झाली आणि तिच्या वितळत्या सालीचे जळते थेंब लेकीच्या पायावर पडू लागले. इंजिन बंद पडलं, ब्रेक दगडासारखा जड झाला. आणि समोर रस्ता ओलांडत होती शाळेच्या लहान मुलांची रांग, दोन-दोन जणांनी हात धरलेली.

तिने पाय काढला नाही. अंगातलं सगळं बळ लावून ती उजव्या पायाने ब्रेकवर उभी राहिली. गाडी रांगेपासून दोन हातांवर थांबली. तोवर पायाखालचा गालिचा वितळला होता, बुटाचा तळवा वितळला होता, आणि कुठे बूट संपतो नि कुठे पाय सुरू होतो ते कळत नव्हतं. लोकांनी तिला ओढून काढलं. नंतर गाडी पूर्ण जळाली. पत्र्याचा सांगाडा उरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तीन बोटं काढली. म्हणाले, काठी घेऊन चालतील. नाच, व्यायाम, ते आता विसरायचं.

दोन दिवसांनी तिला साध्या खोलीत आणलं. पाय बांधलेला, उशांवर उंच ठेवलेला. ती डोळे मिटून पडली होती. जावई पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसला होता. दोन दिवस त्याने दाढी केली नव्हती, कपडे बदलले नव्हते. उस्ताद आत आले तसा तो उठला आणि धरबंद सुटल्यासारखा त्यांच्या गळ्यात पडला.

"बाबा, मी केलं हे! माझ्या हातांनी केलं. सगळे म्हणतात गाडीतच दोष असेल. पण मला कळायला हवंय. तुम्हीच सांगू शकाल. बाबा, सांगा ना, माझं काय चुकलं?"

विचारलं होतं. शेवटी विचारलं होतं. आणि चाळीस वर्षांची सवय अशी मरत नाही हो. उस्तादांचा घसा साफ झाला. पाठ ताठ झाली. थरथरणारा हात एकदम थांबला.

"हे बघ," ते म्हणाले. "भोकाची कड घासली नाहीस. रबराचं कडं घातलं नाहीस. टेपचे दोन वेढे मारलेस, ते वायरीला सैल होते, तिसऱ्या दिवशीच सरकले असणार. आणि फ्यूज अँप्लिफायरजवळ नाही बसवायचा. बॅटरीपासून वीतभर, बस्स. तिथे असता तर ठिणगीसुद्धा..."

"बाबा."

लेकीचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते कोण जाणे.

"हे तुम्हाला रविवारीच कळलं होतं?"

जावई उस्तादांच्या गळ्यातून हळूच बाजूला झाला.

"आणि मंगळवारी?" तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "मी वास येतोय म्हणाले. दिवे मंद होतात म्हणाले. तेव्हाही कळलं होतं?"

"संध्याकाळी हा येणारच होता गं. मला वाटलं, एक दिवस..."

"मी विचारलं होतं ना, बाबा. मी तर विचारलं होतं."

त्यांना सांगायचं होतं की तुझ्यावर राग नव्हता, तुझ्यावर कधीच नव्हता. माझं चुकलं गं बबे, असंही म्हणायचं होतं. ओठ हलले, पण सगळा जन्म जे शब्द दुसऱ्यांकडून वसूल केले ते स्वतःच्या तोंडून निघेनात. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला. तिने मान भिंतीकडे वळवली.

तेवढ्यात नर्स औषधांचा ट्रे घेऊन आत आली. "अहो, एवढी गर्दी नको. पेशंटजवळ घरचं एकच माणूस थांबेल." तिने जावयाकडे पाहिलं. "हे तुमचे मिस्टर ना? ते थांबू देत. आणि हे आजोबा कोण? तुमचे वडील का?"

लेक भिंतीकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "वायरमन आहेत. गाडीचं काय झालं ते सांगायला आले होते. सांगून झालंय त्यांचं."

नर्सने दार उघडून धरलं.